मुलीला कोण सांभाळणार?

माझा आणि माझ्या नवऱ्याचा इंटरव्ह्यू एकाच आठवड्यात होता. तो सोमवारी गेला, मी गुरुवारी.

तो इंजिनियर आहे, घरांच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवणाऱ्या एका कंपनीत होता. त्याला तशाच पण जरा मोठ्या कंपनीत जायचं होतं. संध्याकाळी घरी आला आणि बूट काढता काढताच सांगायला लागला, "मस्त झाला. शेवटी शेवटी तर गप्पाच. विचारलं, फॅमिली में कौन कौन है? मी म्हटलं, आई, बायको, एक मुलगी. मोबाइलवर पोरीचा फोटो दाखवला. तर म्हणतात, अच्छा है, सेटल्ड आदमी हो, टिकोगे."

मी खूश झाले. त्याला चहा दिला, वर खारी दिली. तेव्हा मला अजिबात राग आला नव्हता.

गुरुवारी मी जबलपुरात, अधारतालच्या पुढे, नमकीन बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात बसले होते. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. मुलगी होण्याआधी एका बिस्किटांच्या कारखान्याच्या लॅबमध्ये काही वर्षं काम केलेलं. सातवा महिना लागल्यावर तिथे मला मोठ्या प्रेमानं सांगण्यात आलं, "अब आप आराम करो." तो आराम अजून चालूच होता. लेक तीन वर्षांची झाली होती, आणि मला परत माझ्या कामावर जायचं होतं.

समोर दोघे होते. एक जण नुसता मोबाइल बघत होता. दुसऱ्यानं माझा बायोडाटा उलटापालटा केला आणि विचारलं, "बीच में गैप क्यों है?"

"मुलगी झाली," मी हिंदीत सांगितलं.

त्यानं पेनाला टोपण लावलं. मला ते अजून दिसतं. मी वाक्य पुरं केलं आणि त्यानं पेनाला टोपण लावलं.

"बच्ची को कौन देखेगा?"

"सासूबाई. त्या आमच्याकडेच असतात."

"उनकी तबियत ठीक रहती है?"

माझ्या सासूबाईंच्या तब्येतीची इतकी काळजी त्यांच्या सख्ख्या भावानंही कधी केली नव्हती. मी म्हटलं, ठीक असते.

"और दूसरे का क्या सोचा है? पहली लड़की है, तो करोगे ही."

दहाएक मिनिटं मी तिथे होते. तळणीच्या तेलाबद्दल एक प्रश्न नाही. माल खवट का होतो, पाकिटात ओल कशी शिरते, काही नाही. मी आदल्या दिवशी सगळं पुन्हा वाचून गेले होते, लेकीला सासूबाईंकडे देऊन, आतल्या खोलीचं दार लावून. विचारलं काय, तर माझं गर्भाशय पुढे काय करणार आहे.

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "तुला त्यांनी विचारलं का, मुलीला कोण सांभाळणार?"

त्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही."

"काहून नाही विचारलं?"

तो हसला. "अगं, ते सगळ्यांना माहीतच असते ना."

"काय माहीत असते?"

तो उठून पोरीची खेळणी आवरायला लागला. चांगला माणूस आहे, म्हणून खोटं कारण दिलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याला नोकरी लागली. मला कुणी फोनसुद्धा केला नाही. पोरगी तीच. तिच्यामुळे तो टिकणारा ठरला आणि मी न टिकणारी.

त्यानंतर मी आणखी बऱ्याच ठिकाणी गेले. दुधाची डेअरी, मसाल्यांचं युनिट, मिठाईवाल्यांची मोठी भट्टी. कुणी गोड बोलून विचारलं, कुणी आडून विचारलं, एकानं "मेरी भी बेटी है, मैं समझता हूँ" म्हणत विचारलं. प्रश्न तोच.

माझ्या आजूबाजूला सल्ल्यांचा तर पूर आला होता. फिक्या रंगाची कुर्ती घाल. आवाज खाली ठेव. आवाज खाली ठेवू नको, कॉन्फिडन्स दिसला पाहिजे. बाबा डिफेन्सच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांना सरकारी परीक्षेपलीकडे जगच नाही. त्यांनी सांगितलं, वय निघून जाण्याआधी फॉर्म भरून टाक. सगळ्यांना वाटायचं, मीच काहीतरी चुकते आहे. प्रश्न विचारणारा चुकतो आहे हे एकाच्याही तोंडून आलं नाही.

आपल्या मराठी लोकांचा इथे एक हॉल आहे. गणपती तिथेच बसतो, हळदीकुंकूही तिथेच होतं. त्या हॉलमध्ये एका रविवारी तरुणांसाठी इंटरव्ह्यूचं मार्गदर्शन ठेवलं होतं. बोलायला एक बाई आल्या होत्या. पुण्याच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीत माणसं निवडण्याच्या खात्यात आयुष्य काढून त्या परत माहेरच्या गावी, जबलपूरला राहायला आल्या होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत.

मॅडम छान बोलल्या. खुर्चीत कसं बसायचं, स्वतःबद्दल कसं सांगायचं, पगाराचा विषय कुणी काढायचा. तुमचा दोष काय असं विचारलं तर सांगायचं, मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे. माझ्या पुढच्या रांगेतल्या सगळ्या पोरांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, उद्यापासून जबलपुरात एकही माणूस साधा आळशी म्हणून सापडणार नाही.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाल्या तेव्हा मी उठले. "मॅडम, मुलीला कोण सांभाळणार असं विचारलं तर काय सांगायचं?"

हॉलमध्ये हसू फुटलं. मॅडमही हसल्या. "ते आपण नंतर बोलू हं."

लोक पोह्यांकडे वळले आणि मॅडम मला खिडकीपाशी घेऊन गेल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "मंगळसूत्र काढून जा. मुलीचा विषय काढूच नकोस. मधली वर्षं घरून सल्लागार म्हणून काम केलं असं लिही."

"खोटं बोलू?"

"जे विचारायचा त्यांना हक्क नाही, त्याचं खरं उत्तर मिळायचाही त्यांना हक्क नाही."

वाक्य मला फार आवडलं. म्हणूनच जास्त राग आला. "मग हे तुम्ही माईकवर काहून नाही सांगितलं?"

त्यांनी मला खिडकीच्या आणखी जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "माझ्या मुलाला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा मी दिल्लीला मीटिंगमध्ये होते. ऑफिसात कुणाला पत्ता लागू दिला नाही. असं करत करत मी तिथवर पोचले, जिथे सगळ्यांचे इंटरव्ह्यू मी घ्यायचे."

"मग तुम्ही बायकांना हे विचारणं बंद केलं असेल."

मॅडमनी पर्सची चेन उघडली, परत लावली. "नाही. मलाही विचारावं लागायचं. कंपनीचं बघावं लागतं."

मी पोहे न खाता घरी आले.

घरी सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्या मूळच्या नागपूरकडच्या, बोलणं अजून तिकडचंच. मी त्यांना आणि नवऱ्याला मॅडमचा सल्ला सांगितला. नवरा म्हणाला, "बरोबरच सांगून राहिल्या. आजकाल सगळे करतात. एकदा आत घुसलं की मग कोण विचारते?"

"तू तुझ्या इंटरव्ह्यूत मला आणि पोरीला नाही म्हणालास का?"

"मला गरज नाही पडली."

"तेच तर!" मी इतक्या जोरात ओरडले की पोरगी खेळणं टाकून दारात येऊन उभी राहिली.

सासूबाईंनी तिला जवळ ओढून घेतलं आणि मला म्हणाल्या, "मंगळसूत्र काढ नाही तं ठेव, ते तुह्यावर आहे. काळ्या मण्यात का माणसाचा जीव असते? मी काही बोलणार नाही. पण असलेल्या लेकराला नाही काहून म्हणतं वो? ते नको करू."

मी ते केलं. मला काम पाहिजे होतं, एवढंच कारण. त्यात मला तेव्हा लाज वाटली नाही आणि आताही वाटत नाही. लाज ज्यांना वाटायला हवी ते सगळे सुखात आहेत.

महाराजपुरच्या बाहेर, हायवेला लागून मटार गोठवण्याचा एक प्लांट आहे. पाटण, शहापुऱ्याकडून मटाराच्या गाड्या येतात, दाणे सोलून, गरम पाण्यातून काढून, गोठवून पाकिटात भरतात. सीझन सुरू होण्याच्या तोंडावर त्यांना क्वालिटी बघायला माणूस हवं होतं. मोकळ्या गळ्यानं मी तिथल्या मॅनेजरसमोर जाऊन बसले. हात सारखा गळ्याकडे जात होता.

"शादी?"

"नहीं."

"अच्छा," ते म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं. बस. इतकंच.

आणि मग त्यांनी मला कामाचं विचारलं! दाणे गरम पाण्यातून का काढायचे? ते पुरते निघाले की नाही कसं तपासणार? मी सांगितलं, दाणे चुरडून त्यावर औषधाचे थेंब टाकायचे, तांबूस रंग आला तर काम कच्चं राहिलं, असा मटार गोठवला तर पुढे वास मारतो. त्यांनी विचारलं, संध्याकाळची वेळ आहे, तपासणीत माल फेल झाला, बाहेर ट्रक उभे आहेत, मालक म्हणतात जाऊ द्या, तर काय कराल? मी म्हटलं, थांबवीन. शेवटची तपासणी पास झाली तिथपासून पुढचा सगळा माल बाजूला काढीन, आधी पाण्याचं तापमान बघीन, मग पट्ट्याचा वेग. मालकांना म्हणीन, आज ट्रक थांबला तर एक ट्रक थांबतो, पुढे माल परत आला तर नाव जातं. मॅनेजर पुढे सरकून बसले. आम्ही तासभर बोललो. पाण्याबद्दल, बर्फाबद्दल, माश्यांबद्दल बोललो. इतका सुंदर इंटरव्ह्यू माझा कधी झाला नव्हता.

बाहेर येऊन मी स्कूटरपाशी उभी राहिले आणि इतका राग आला की किल्लीच लागेना. इतकी वर्षं ही माहिती माझ्या डोक्यात होती. सगळ्या इंटरव्ह्यूंना मी ती बरोबर घेऊन गेले होते. ती ऐकून घ्यायला माणसं तयार होती, फक्त माझी मुलगी नसायला हवी होती.

नोकरी लागली. काम मला आवडत होतं, हे सांगितलं पाहिजे. गाड्या येऊन लागायच्या, ओल्या शेंगांचा वास सगळ्या आवारात भरून राहायचा. माझ्या शब्दावर लाइन थांबायची आणि चालू व्हायची. मॅनेजर साहेब चारचौघांत म्हणायचे, "मैडम ने बोल दिया तो बोल दिया."

पण फोनवर पोरीचा फोटो ठेवता येत नव्हता. सासूबाईंना सांगून ठेवलं होतं, अगदी अडल्याशिवाय फोन करायचा नाही. डब्याच्या वेळी कुणी म्हणायचं, आपके लिए लड़का देखें क्या, आणि मी हसायची. पोरीच्या नर्सरीत फॅन्सी ड्रेस होता, ती टोमॅटो झाली होती. तो टोमॅटो मी कारखान्याच्या बाथरूममध्ये, आवाज बंद करून, मोबाइलवर पाहिला. घरी पोचेपर्यंत तिनं तो लाल कागद फाडून टाकला होता.

मग तो दिवस आला. माल घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीची माणसं प्लांट बघायला आली होती. मी त्यांना लाइनवरून फिरवत होते, मॅनेजर बरोबर होते. फोन वाजला, मी कापला. परत वाजला. तिसऱ्यांदा मी उचलला.

"हनुवटी फुटली वो पोरीची," सासूबाई म्हणाल्या. "घसरगुंडीवरून पडली. शेजारच्या पोरानं गाडीवर दवाखान्यात आणलं. टाके घालतो म्हणते डॉक्टर. तुह्या नावानं रडून राहिली."

"क्या हुआ?" मॅनेजरनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"भतीजी गिर गई है," मी म्हटलं.

"अरे. कोई है न उसके पास?"

"जी, है."

आणि मी पुढे गेले. पाकिटात लोखंडाचा कण गेला तर यंत्र तो कसं पकडतं, हे त्या पाहुण्यांना समजावून सांगितलं. एक खोटा कण टाकून दाखवला. यंत्र ओरडलं. पाहुणे खूश झाले.

घरी पोचले तेव्हा टाके घालून झाले होते. नवरा कधीचाच आला होता. सासूबाईंचा फोन जाताच त्यानं साहेबांना सांगितलं होतं, बेटी को लगी है, आणि उठून निघाला होता. पोरगी त्याच्या मांडीवर होती. मी हात पुढे केले. ती उतरली नाही. तोंड फिरवून त्याच्या शर्टात खुपसलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याचे साहेब होते. "बिटिया कैसी है? कल की छुट्टी ले लो, कोई बात नहीं." मला शब्द न् शब्द ऐकू आला.

मी आत गेले आणि ओट्यावरची कढई घासत बसले. स्वच्छ कढई. नवरा मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "मला माहीत आहे तुला काय वाटून राहिलं."

"तुला नाही माहीत," मी म्हटलं. "मी आज तिला भतीजी म्हणून आले."

सकाळी मी मंगळसूत्र घातलं आणि थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. बोलणं हिंदीत झालं, पण मला ते मराठीतच आठवतं.

"काल पडली ती माझी भाची नाही. माझी मुलगी आहे. माझं लग्न झालेलं आहे."

त्यांनी आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"हो. मुलगी आहे म्हटलं असतं तर घेतलं असतं?"

माणूस खोटा नव्हता. म्हणाले, "विचार करावा लागला असता."

"प्रॉडक्शनच्या साहेबांना दोन मुलं आहेत. धाकटं अजून रांगतं. त्यांना घेताना किती विचार केला होता?"

"ती गोष्ट वेगळी आहे."

"काय वेगळी?"

"त्यांची मिसेस घरी असते ना."

"आणि ती मिसेस उद्या इथे नोकरी मागायला आली तर तुम्ही तिला विचारणार, मुलांना कोण सांभाळणार. बरोबर?"

त्यांनी टेबलावरची फाइल पुढे ओढली. मी थांबले नाही. मी विचारलं, या सीझनमध्ये माझ्यामुळे एक तरी गाडी अडली का? एक तरी पाकीट परत आलं का? काल पोरीला टाके पडत होते आणि मी तुमच्या पाहुण्यांना मशीन दाखवत होते, याहून जास्त तुम्हाला काय पाहिजे?

"कामाबद्दल तक्रार नाही," ते म्हणाले. "प्रश्न इमानदारीचा आहे."

मी उठले, डोक्याला जाळी लावली आणि लाइनवर गेले.

सीझन चालू होता म्हणून त्यांनी मला काढलं नाही. त्या दिवसापासून "मैडम ने बोल दिया तो बोल दिया" मात्र बंद झालं. माझ्या हाताखालचा पोरगा माझ्या तपासण्या परत तपासायला लागला. त्याला तसं सांगितलेलं होतं. मटार संपला तसं मला बोलावून सांगितलं, पुढच्या वर्षी जरुरत नाही, पोस्ट सीझनपुरतीच होती. घेताना असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग मी ठरवलं, आता हे शेवटी नाही, सुरुवातीलाच. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणायची, "माझं लग्न झालेलं आहे, एक मुलगी आहे, ती आजीपाशी असते. आता कामाचं विचारा." एका ठिकाणी मालक हसत सुटला. एका ठिकाणी बाई होती, तिला राग आला, म्हणाली इतना ऐटिट्यूड अच्छा नहीं. गोहलपुरच्या एका तपासणीच्या लॅबमध्ये म्हाताऱ्या मालकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "वो तो ठीक है. दूध में यूरिया कैसे पकड़ती हो, ये बताओ."

तिथेच मी आता काम करते. दूध, खवा, हळद, तिखट. लॅब छोटी आहे, पगार मटाराच्या प्लांटपेक्षा कमी. यातून जगात भली माणसं असतात असं काही काढू नका. सण तोंडावर होता, खव्याचे नमुने फ्रिजमध्ये साचले होते, त्यांना त्याच दिवशी माणूस हवं होतं. लेकीला ताप आला की मी "मुलीला ताप आहे" असं सांगून घरी जाते. पुढच्या दिवशी येऊन जास्त काम करते. लेकीच्या हनुवटीवर एक बारीक रेघ राहिली आहे, ती सगळ्यांना कौतुकानं दाखवत फिरते.

परवा मावसबहिणीचा फोन आला. नुकती एमबीए झालेली, लग्न ठरलंय, इंदूरच्या एका कंपनीनं बोलावलंय. तिचं मराठी आमच्याहून कच्चं. म्हणाली, "ताई, लग्नाचं विचारतील तं क्या बोलूँ? तू तं सगळं करून बसलीस."

मी तिला दोन्ही सांगितलं. खोटं बोललीस तर काय होतं ते, आणि खरं बोललीस तर काय होतं ते. काही झाकलं नाही.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "पण मी नक्की काय करू, ते तर सांग ना."

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच नव्हतं माहीत. ती नाराज झाली, चलो ठीक है म्हणाली, फोन ठेवला. मी हातमोजे घालून कामाला लागले, आणि त्या दिवशी लॅबमध्ये कुणाशी नीट बोलले नाही. तेवीस वर्षांची पोर. इंटरव्ह्यूसाठी ती हिशेब शिकली, बाजार शिकली. तिचं ते शिकणं कुणी तपासणारच नाही कदाचित. आणि उत्तर शोधायचं कुणी? परत तिनंच.